वांग, चेहऱ्यावरचे केस आणि लेझरचं पॅकेज: इंदूरकरांनो, अनुभव सांगा

स्नेहल_रामबाग
नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण एका क्लिनिकने दोन्हींना एकच उत्तर दिलं म्हणून हा धागा काढतेय.

धाकट्याच्या बाळंतपणापासून माझ्या दोन्ही गालांवर वांग आहे. थंडीत फिका पडतो, एप्रिल लागला की पुन्हा गडद. भाचीला पीसीओडी, म्हणजे अंडाशयांचा हार्मोनचा त्रास, आहे, तिच्या हनुवटीवर आणि जबड्याखाली दाट केस येतात. मे महिन्यात तिचं लग्न. आम्ही दोघी मिळून पलासियाकडच्या एका क्लिनिकमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने चेहरे पाहिले आणि दोघींना लेझरचं सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं. पैसे आधी, आजच भरले तर सूट. डॉक्टर कुठे, तर "सिटिंगच्या दिवशी येतील." मशीन कोणतं, तर "एफडीए अप्रूव्ह्ड." आम्ही विचार करून सांगतो म्हणून निघालो.

आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला लेझर चालतं का? वांग जातो का? लग्नाआधी भाचीचे केस जातील का? आणि मध्ये रंगपंचमी आहे, त्याचं काय?

जुना_इंदूरी
स्नेहल बेटा, यंत्राने चेहरा भाजून घ्यायचा हे मला पटत नाही. आमच्या आईने मसुरीच्या डाळीचं पीठ, साय आणि लिंबू यावर आयुष्य काढलं. ते पैसे भाचीच्या संसाराला द्या.

बडोदेकर_मीनल
काका, बाकी सगळं ठीक, पण लिंबू नको हो. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी पोळते आणि मागे काळा डाग राहतो. माझ्या नणंदेने उन्हाळ्यात गच्चीवर बसून सरबताची लिंबं पिळली होती. दोन दिवसांनी मनगटापासून कोपरापर्यंत रसाचे ओघळ जसेच्या तसे उठले, आधी लाल, मग तपकिरी. जायला कित्येक महिने लागले.

स्नेहलताई, केसांचं मी सांगते, कारण माझी गोष्ट तुमच्या भाचीसारखीच आहे. बडोद्यात माझ्या डॉक्टरांनी लेझरचं नावही न काढता आधी रक्त तपासायला पाठवलं: टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, शिवाय सोनोग्राफी. स्त्रीरोगतज्ज्ञांची औषधं सुरू झाली, मग लेझर. त्या दिवशी चेहऱ्यावरून रेझर फिरवून जायचं, डोळ्यांवर काळ्या वाट्या बसवतात, थंडगार जेल लावतात. प्रत्येक फटका म्हणजे फोडणीतलं तेल उडाल्यासारखा, आणि जळक्या केसांचा वास थेट नाकात. नंतर आठवडाभर वाटतं की केस पुन्हा वाढतायत. ते वाढत नसतात, मुळाशी जळलेले बाहेर पडत असतात. टॉवेलने पुसलं की गळतात.

आता माझ्या हनुवटीवर केस तुरळक येतात, बारीक येतात. अधूनमधून एखादं सिटिंग घ्यावं लागतं. कायमचे गेले असं मी कुणाला सांगणार नाही. पण रोज सकाळी आरशासमोर चिमटा घेऊन उभं राहणं सुटलं, आणि ते माझ्यासाठी फार मोठं आहे.

त्वचावैद्य_माळवा
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, इंदूरजवळच प्रॅक्टिस करते. थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे दोन अगदी वेगळ्या तक्रारी एका पॅकेजमध्ये कोंबल्या गेल्यात आणि त्याने माझा जीव खालीवर होतोय.

लेझर म्हणजे ठरावीक एका तरंगलांबीचा प्रकाश. कातडीत तो कशात शोषला जाईल हे तरंगलांबीवर ठरतं: कातडीला-केसाला रंग देणाऱ्या मेलॅनिनमध्ये, रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये की पाण्यात. अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ साली हा सिद्धांत नीट मांडला. योग्य तरंगलांबी निवडली आणि फटका पुरेसा कमी वेळाचा दिला, तर नेमकं लक्ष्य तापतं आणि आजूबाजूची कातडी वाचते. म्हणून "लेझर" असं एकच मशीन नसतं. केसांसाठी अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटरचं, डायोड साधारण ८०० ते ८१० चं, एनडी-याग १०६४ चं. मुरमांच्या खड्ड्यांसाठीचं कार्बन डायऑक्साइड लेझर १०६०० चं, ते पाण्यात शोषलं जातं. आयपीएल तर लेझरच नव्हे, तो अनेक तरंगलांब्यांचा मिश्र झोत असतो.

आता आपला रंग. भारतीय कातडी फिट्झपॅट्रिकच्या मोजपट्टीवर (सगळ्यात गोरी पहिली, सगळ्यात काळी सहावी) बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात बसते. म्हणजे वरच्या थरातही मेलॅनिन भरपूर, आणि केसाच्या मुळाकडे निघालेला प्रकाश वाटेत तिथेच अडतो. तिथे भाजलं की काळा डाग किंवा पांढरा डाग. १०६४ चा प्रकाश खोल जातो आणि मेलॅनिनमध्ये तुलनेने कमी शोषला जातो, म्हणून सावळ्या रंगाला तो सगळ्यात सुरक्षित. डायोडही चालतं, पण फटका लांबवून आणि कातडी गार ठेवून. ७५५ चं मशीन सावळ्या कातडीवर हात सांभाळून वापरावं लागतं. तेव्हा गव्हाळ रंगाला लेझर चालतं, मात्र मशीन आणि सेटिंग त्या रंगाप्रमाणे ठरवणारं माणूस समोर हवं.

भाचीबद्दल: लेझर फक्त वाढीच्या अवस्थेतल्या केसाला मारतं, आणि सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात. म्हणून चेहऱ्यावर साधारण चार आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा करावं लागतं. आता फेब्रुवारी आहे. मेच्या आधी फार तर तीन सिटिंग बसतील. फरक दिसेल, काम पूर्ण होणार नाही. अमेरिकेच्या एफडीएचे शब्दही केस कायमचे "कमी होणं" असेच आहेत, नाहीसे होणं असे नाहीत. हार्मोन काबूत नसतील तर नवीन केस येतच राहतात. काही मुलींमध्ये तर आसपासची लव उलट वाढते. हनुवटी आणि मान इथे, सावळ्या रंगात, पीसीओडी असताना आणि कमी ताकदीचे फटके दिले तर हे जास्त दिसतं. मध्ये वॅक्स, थ्रेडिंग, चिमटा काही नाही, कारण मूळ जागेवर असायला हवं. रेझर चालतो, आणि रेझरने केस जाड होत नाहीत.

एक प्रश्न भाचीला नक्की विचारा: गोरेपणासाठी कुठली ट्यूब लावतेय का?

स्नेहल_रामबाग
डॉक्टर, मनापासून धन्यवाद. आत्ताच फोन केला. लावतेय! दहावीपासून. मेडिकलवाल्याने दिलेली, मैत्रिणीही लावतात म्हणाली. नावात मोमेटासोन आहे.

त्वचावैद्य_माळवा
हेच वाटलं होतं. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. अशा ट्यूबमध्ये त्याच्यासोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. तज्ज्ञ हे मिश्रण वांगासाठी काही आठवडे देतात आणि थांबवतात. वर्षानुवर्षं लावलं की कातडी पातळ होते, लाली येते, मुरमं उठतात आणि चेहऱ्यावर केस वाढतात. म्हणजे तिच्या केसांमागे पीसीओडीइतकीच ही ट्यूबही असू शकते. २०१८ पासून सरकारने स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली आहेत, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी गल्लोगल्ली मिळतात. अशा पातळ झालेल्या कातडीवर थेट लेझर मारलं तर काय होईल याचा विचार करा. तिने ट्यूब एकदम बंदही करू नये, चेहरा पेटतो. कशी उतरवायची ते डॉक्टर समोर बसून सांगतील.

स्किनकेअर_प्राची
मी अशाच एका क्लिनिकमध्ये टेक्निशियन आहे, म्हणून आमची बाजू पण सांगते. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमच्याकडे सेटिंग डॉक्टर ठरवून राहिलेत, पहिल्या वेळी स्वतः मारतात, कानाजवळ छोटा टेस्ट पॅच देऊन वाट पाहतात. गॉगलशिवाय खोलीत कुणाला उभं करत नाहीत, भुवईच्या खाली मशीन लावत नाहीत. पॅकेज असतं कारण लोक दोन वेळा येतात आणि सोडून देतात, मग म्हणतात लेझर फालतू आहे. आणि वांगाला टोनिंगने, म्हणजे कमी ताकदीचं लेझर पुन्हा पुन्हा फिरवून, आमच्या कित्येक बायकांना फरक पडला आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्वचावैद्य_माळवा
प्राची, तुझ्याकडची पद्धत चांगली आहे, टेस्ट पॅचचं तर सगळ्यांनी लक्षात ठेवावं. टोनिंगवर मात्र मी अडून बसणार. फरक पडतो, मीही पाहिलाय. पण वांगाचं मूळ रंग तयार करणाऱ्या पेशींच्या चिडखोरपणात आहे: ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातली प्रवृत्ती. लेझर साठलेला रंग फोडतं, ती पेशी तशीच राहते. काही महिन्यांत वांग परततो, कधी आधीपेक्षा गडद. वारंवार टोनिंग केलेल्यांच्या गालावर बारीक पांढरे ठिपके पडलेले मी पाहिलेत, आणि ते बुजवणं वांगापेक्षा कठीण. म्हणून वांगात लेझर शेवटची पायरी, तीही औषधं आणि सनस्क्रीन सुरू ठेवून.

सनस्क्रीन घेताना टिंट असलेलं घ्या. त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे दिसणारा प्रकाशही अडतो, आणि वांगाला तोही भडकवतो. वाटाण्याएवढं घेऊन उपयोग नाही, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा.

अनघा_राजेंद्रनगर
डॉक्टर, मला इथे लेझरची बाजू घ्यायची आहे, कारण माझ्या मुलीचं बालपण त्याने सोपं केलं.

जन्मतःच तिच्या उजव्या डोळ्याभोवती आणि गालाच्या वरच्या भागावर निळसर-करडा डाग होता. डोळ्याच्या पांढऱ्यातही थोडा. सोसायटीत नवीन कुणी भेटलं की विचारायचे, "हिला कुणी मारलं का?" कुणी वांग म्हणालं, कुणी ग्रहणाचं. एकाने मलम दिलं, ते वर्षभर चोळलं, रेषभर फरक नाही. मग एका डॉक्टरांनी खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, हा ओटाचा नेव्हस, रंग खोल थरात आहे, मलम तिथवर पोचतच नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, डोळ्याचा दाब तपासायला, कारण या डागासोबत काचबिंदूचा धोका असतो. मग क्यू-स्विच्ड एनडी-याग, म्हणजे अगदी क्षणभराचे फटके देणारं लेझर. दोन सिटिंगमध्ये बरंच अंतर ठेवायचे आणि दर वेळी फोटो काढायचे. डाग आधी करडा, मग चहाच्या डागासारखा फिका, आणि आता ज्याला माहीत नाही त्याला दिसत नाही. डोळ्यातला तेवढा राहिला, तिथे लेझर करत नाहीत.

जुना_इंदूरी काका, तुमचा राग पॅकेजवाल्यांवर असेल तर मी तुमच्यासोबत. पण माझी लेक आता शाळेच्या गॅदरिंगमध्ये पुढच्या रांगेत उभी राहते.

जुना_इंदूरी
अनघा, वाचून डोळे भरून आले. मुलीला माझा आशीर्वाद सांग.

आता माझंच विचारतो. मानेवर बारीक चामखिळी लोंबतात, बायको घोड्याच्या केसाने बांधून टाका म्हणते. आणि पाठीवरचा एक जुना तीळ मोठा होऊन राहिलाय असं नातू म्हणाला. दोन्ही लेझरने उडवता येतात का?

त्वचावैद्य_माळवा
काका, मानेवरच्या त्या लोंबत्या चामखिळींना लेझर लागतच नाही. भूल देणारं मलम लावून कॉटरीने (विजेच्या चटक्याने) किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने काही मिनिटांत निघतात. केस बांधू नका, पिकतं. तीळ मात्र कुणाच्याही हातून जाळून घेऊ नका. वाढणारा, कडा वाकड्यातिकड्या झालेला, रंग बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ काढून आधी तपासायला पाठवायचा असतो. जाळला की तपासायला काही उरत नाही. या आठवड्यातच दाखवा. खासगीत जायचं नसेल तर एम.वाय. या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, पर्ची बनवून दाखवता येईल.

सुदामानगरची_काकू
माझ्या मुलाची मान काळी आहे, काखेतही. घासून घासून सालं निघाली. एका ठिकाणी लेझर सांगितलंय. वजन जरा जास्त आहे त्याचं. सोळा वर्षांचा आहे.

त्वचावैद्य_माळवा
काकू, घासणं आधी बंद करा, त्याने आणखी काळं होतं. मानेवर मखमलीसारखी जाडसर काळी कातडी, काखेतही, आणि वजन जास्त, तर बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला दाद देत नसतं. रिकाम्या पोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) करून घ्या. वजन उतरलं की मान आपोआप उजळते. लेझरचे पैसे त्याच्या पोहण्याच्या क्लासला द्या.

सुदामानगरची_काकू
सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत. त्याचे बाबाच नेतात त्याला. आज दोघांनाही हे वाचून दाखवते.

निनाद_विजयनगर
काकू, सराफा बंद केलात तर पोरगा घर सोडून माझ्याकडे येईल, पाठवू नका 😄

मुरमांच्या खड्ड्यांबद्दल कुणी विचारलं नाही, पण वाचणाऱ्यांत असतीलच कुणी. कॉलेजमध्ये माझे गाल खड्ड्यांनी भरले होते. माझ्या डॉक्टरांनी आधी एक वर्ष फक्त मुरमं थांबवली, आयसोट्रेटिनॉइनवर ठेवलं. म्हणाले, आग चालू असताना भिंत रंगवत नाहीत. मग खड्डे प्रकारानुसार वेगळे केले. खाली चिकटलेल्या रुंद खड्ड्यांना सुई घालून आतून सोडवलं, त्याला सबसिजन म्हणतात. टोकदार खोल खड्ड्यांत टीसीए नावाचं अ‍ॅसिड काडीने टेकवलं. शेवटी फ्रॅक्शनल, म्हणजे बारीक ठिपक्याठिपक्यांनी मारायचं, कार्बन डायऑक्साइड लेझर. मला ओठांवर ताप उठायचा, हे सांगितल्यावर आधीपासून अ‍ॅसायक्लोव्हिर दिली.

लेझरनंतर चेहरा तांबडालाल, मग सगळीकडे बारीक चौकटींच्या तपकिरी खपल्या. हाताने काढायच्या नाहीत. आठवड्याभरात तोंड धुताना निघाल्या. खड्डे बुजले का? उथळ बरेच भरले, खोल निम्मे राहिले. आडव्या उजेडात अजून दिसतात. मी समाधानी आहे, कारण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हाच आकडा सांगितला होता, "पन्नास-साठ टक्के धरून चला."

बडोदेकर_मीनल
निनाद, आयसोट्रेटिनॉइननंतर सहा महिने लेझर करत नाहीत ना? आम्हाला तसंच सांगितलं होतं.

त्वचावैद्य_माळवा
पूर्वी सरसकट सहा महिने थांबायचे. आता केसांच्या लेझरसाठी आणि फ्रॅक्शनलसाठी तितकं कडक राहिलेलं नाही. पण गोळी चालू आहे किंवा होती हे सांगायलाच हवं, आणि जखम फुगून वर येण्याची, केलॉइडची, प्रवृत्ती असेल तर तेही.

निनाद_विजयनगर
आणि स्नेहलताई, रंगपंचमीचं मी सांगतो. टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, टँकरच्या पिचकाऱ्या चालतात, तिथे कसलं सनस्क्रीन टिकतंय! सिटिंग आणि गेर यात किमान दोन आठवडे ठेवा. नाहीतर भाचीला गच्चीवर बसवा, गुलाल मी आणतो.

पुण्याची_पाहुणी
घरी वापरायचं आयपीएल मशीन ऑनलाइन मिळतं, ते कसं? दवाखान्याची कटकट नको.

त्वचावैद्य_माळवा
त्याची ताकद कमी असते, आणि बऱ्याच मशीनच्या खोक्यावरच गडद कातडीसाठी नाही असं छापलेलं असतं. पायांवर, उजळ रंग आणि काळे केस असतील तर थोडाफार उपयोग. चेहऱ्यावर आणि पीसीओडीत नको. पांढऱ्या केसांवर तर कुठलंच मशीन चालत नाही, कारण प्रकाश शोषायला मेलॅनिनच नसतं.

स्नेहल_रामबाग
मंडळी, काल दाखवून आले, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर मेडिकल कौन्सिलच्या यादीत पाहून गेले होते. डॉक्टरांनी स्वतः उजेडात नेऊन पाहिलं, दिवा लावून पाहिलं, काय काय लावलंय ते सगळं लिहून घेतलं. माझा वांगच आहे. टिंटवालं सनस्क्रीन, रात्रीचं मलम ठरावीक आठवड्यांपुरतं, आणि गर्भनिरोधक गोळी बदलता येईल का ते विचारायला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलंय. लेझर नको म्हणाल्या.

भाचीची ट्यूब हळूहळू उतरवताहेत, रक्त तपासायला दिलंय. कातडी सावरली की एनडी-यागवर केसांचं काम सुरू करू म्हणाल्या, म्हणजे लग्नानंतर. लग्नाच्या आदल्या दिवशी रेझर. ती रडली थोडी, मग मीनलताईंचं इथलं लिहिलेलं तिला वाचायला दिलं. आता होणाऱ्या नवऱ्याला स्वतःच सगळं सांगून टाकलंय तिने. तो म्हणाला, रोज दाढी करायचा कंटाळा मला विचार.

बडोदेकर_मीनल
मुलगा सोन्यासारखा आहे! तिला माझा नंबर हवा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, पहिल्या सिटिंगआधी बोलू आम्ही.

महूकर
उशिरा येतोय. माझ्या पुतण्याला फौजेत जायचंय, सध्या महूच्या मैदानावर रोज धावतो. दंडावर, कोपराच्या वर, जत्रेत गोंदवलेलं नाव आहे, निळं-काळं. भरतीत चालत नाही म्हणतात. लेझरने जातं का?

त्वचावैद्य_माळवा
भरतीत कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला चालतं, दंडावर नाही. आदिवासी समाजांच्या परंपरेतल्या गोंदणाला सवलत आहे. जत्रेतली काळी-निळी शाई बहुतेक काजळीची, ती १०६४ च्या क्यू-स्विच्ड लेझरने चांगली फुटते, रंगीत टॅटूपेक्षा लवकर. तरी अनेक सिटिंग, प्रत्येकीत सहा ते आठ आठवडे, म्हणजे भरतीच्या निदान वर्षभर आधी सुरू करायला हवं. धावायला टी-शर्टऐवजी पूर्ण बाहीचं घालू द्या, उन्हाने रापलेल्या कातडीवर फटका देत नाहीत. आणि जत्रेत सुई बदलली होती का ते विचारा. नसेल तर हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तपासून घ्या.

महूकर
सुई एकच होती, रांगेत सगळ्यांना. उद्याच रक्त देतो. भरतीला अजून दीड वर्ष आहे, वेळ पुरेल. केसांचं लेझर जिथे करतात तिथेच हेही करतात का?

त्वचावैद्य_माळवा
केसांचं मशीन टॅटूवर चालवायचं नाही, त्याचा फटका लांब असतो, कातडी भाजते. फोनवरच विचारा: क्यू-स्विच्ड किंवा पिको (त्याहूनही कमी वेळाचे फटके देणारं) आहे का, आणि हात कोण लावणार.